सांगलीत घरच्या प्रिंटरवर हिमोग्लोबिन: पृष्ठभाग छापू की रिबन?

विश्रामबागवाली (सांगली)

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. घरात एक साधा थ्रीडी प्रिंटर आहे. लेकाने हौसेने घेतला, नोकरीसाठी तो पुण्याला गेला आणि यंत्र माझ्या वाट्याला आलं. २२० बाय २२० मिलिमीटरचा बेड, ०.४ चं नोझल, एका वेळी एकच रंग. मोबाईलचे स्टँड झाले, गणपतीच्या मखराच्या कमानीही झाल्या. आता त्यावर हिमोग्लोबिन काढायचंय.

कारण असं. सिकल सेल (रक्तपेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार) शिकवताना आपण फळ्यावर लिहितो, ‘बीटा साखळीतलं सहावं अमिनो आम्ल, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन’. मुलं पाठ करतात, मार्क मिळवतात. पण एखादी तरी पोरगी विचारतेच, की मॅडम, दोन अल्फा, दोन बीटा अशा चार साखळ्यांत मिळून ५७४ अमिनो आम्लं, त्यातली दोन बदलली तर रक्तपेशीचा विळा कसा होतो? याचं उत्तर आकारात आहे. ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनवर बीटा साखळीच्या एका बाजूला पाणी न आवडणारी खळगी उघडी असते. ८५ क्रमांकाचं फिनाइलअ‍ॅलनिन आणि ८८ क्रमांकाचं ल्युसिन मिळून ती होते. शेजारच्या रेणूवरचं ते नवं व्हॅलिन नेमकं तिथे जाऊन बसतं. मग त्याला तिसरा रेणू चिकटतो, चौथा चिकटतो, लांबच लांब तंतू होतात आणि पेशी आतून ताणली जाते. ग्लुटामिक आम्लावर विद्युतभार असतो, त्याला त्या खळगीत थारा नाही. मला हे मुलांच्या हातात द्यायचंय. दोन रेणू, एकावर उंचवटा, दुसऱ्यावर खळगी. बसवा आणि बघा.

आतापर्यंतची तयारी: प्रोटीन डेटा बँकेतून (प्रोटीनांच्या रचनांचा खुला संग्रह) २एचबीएस ही फाईल उतरवली. सिकल हिमोग्लोबिनची रचना आहे, आणि सोय म्हणजे तिच्यात दोन रेणू त्या जोडासकट शेजारी-शेजारी आहेत. कायमेराएक्समध्ये उघडली (रेणू पाहायचं सॉफ्टवेअर, शिक्षणासाठी फुकट आहे), पाण्याचे रेणू काढून टाकले, पृष्ठभाग (रेणूचा बाहेरचा आकार) काढला, एसटीएल (छपाईसाठीची आकाराची फाईल) साठवली. एसटीएल फाईलला एकक नसतं. कायमेराएक्स आकडे अँगस्ट्रॉममध्ये (मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) लिहितं, स्लायसर (छपाईसाठी आकाराचे थर पाडणारं सॉफ्टवेअर) तेच मिलिमीटर धरतो. म्हणजे काही न करता स्केल एक कोटी पट! एक हिमोग्लोबिन साधारण सहा सेंटिमीटरचं येतं.

अडचण ही, की त्या स्केलला व्हॅलिनचा उंचवटा जेमतेम चार-पाच मिलिमीटर. बोटाला लागतो, पण अख्खा पृष्ठभागच असल्या उंचवट्यांनी भरलेला, त्यात हाच तो कसा ओळखायचा? रिबन (साखळीचा मार्ग दाखवणारी पट्टी) काढावी तर साखळीची घडी सुरेख दिसते, पण खळगी गायब होते आणि लूप, म्हणजे साखळीचे मोकळे वळसे, सपोर्ट (छपाईचे तात्पुरते टेकू) सोडवतानाच तुटतात.

तर पृष्ठभाग की रिबन? स्केल किती? आणि एकरंगी प्रिंटरवर चार साखळ्या वेगळ्या कशा दाखवायच्या? सविस्तर लिहा, परीक्षा संपल्यात, वाचायला वेळ आहे.

एमआयडीसी_सातारा

मॅडम, प्रोटीनमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण प्रिंटरवर पोट आहे (जिग-फिक्श्चर आणि बंद पडलेल्या मशीनचे गिअर). तेवढ्यापुरतं बोलतो.

स्केल दुप्पट करा, दोन कोटी पट. बारा-तेरा सेंटिमीटरचा गोळा तुमच्या बेडवर आरामात बसतो. पण घनफळ आठपट होतं हे ध्यानात ठेवा. एका रेणूचं घनफळ किती येतं? म्हणजे मटेरियल सांगतो.

विश्रामबागवाली

रेणूभार साधारण ६४,५००. प्रोटीनला प्रति डाल्टन (रेणूभाराचं एकक) १.२१ घन अँगस्ट्रॉम धरतात. म्हणजे ७८ हजार घन अँगस्ट्रॉम. एक कोटी पट स्केलला ७८ घन सेंटिमीटर.

एमआयडीसी_सातारा

पीएलए या छपाईच्या नेहमीच्या प्लास्टिकची घनता १.२४. भरीव काढला तर लहान गोळा ९७ ग्रॅम, मोठा पाऊण किलोच्या वर. भरीव काढायचाच नाही अर्थात. तीन भिंती, आत ८ ते १० टक्के जाळी, बास. मुलं आपटतील म्हणून भिंती तीन, नाहीतर दोनही चालल्या असत्या.

खरी गोम ठेवण्यात आहे. सपोर्ट जिथे टेकतात तिथे खरखरीत चट्टे राहतात. तुमचा उंचवटा आणि खळगी हीच कामाची जागा, तेव्हा ती वर तोंड करून ठेवा आणि मागची बाजू सपाट कापून बेडवर बसवा. मागून कापल्याने तुमच्या शिकवण्यात काही बिघडत नसेल तर सपोर्ट जवळजवळ लागणारच नाहीत. जोडाच्या भागापुरता थर ०.१२ चा, बाकी ०.२ चा. स्लायसरमध्ये बदलती थरजाडी असते, वापरा.

शंका: दोन्ही गोळे मला तरी सारखेच दिसतायत. एक काढून दुसरा मिरर केला तर चालेल का? स्लायसिंग वाचेल.

मिरज_जंक्शन

नाही हो! मिरर अजिबात नको. सजीवांतली अमिनो आम्लं एकाच हाताची असतात, सगळी डावी, त्यामुळे अल्फा हेलिक्स (साखळीचं मळसूत्रासारखं वळण) उजवीकडे वळतं. मिरर केलं की रेणू उलटा, हेलिक्स डावं, आणि असं हिमोग्लोबिन कुठल्याच प्राण्यात नाही. छापलेला तुकडा तपासायची सोपी खूण म्हणजे नेहमीच्या स्क्रूचे आटे. हेलिक्स त्याच दिशेने फिरलं पाहिजे. पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरसुद्धा उलटी हेलिक्स छापलेली पाहिली आहेत, म्हणून एवढ्या जोराने सांगतोय.

खडूस_कराडकर

मी जरा उलट बोलतो, राग मानू नये.

हे सगळं मोबाईलवर फुकट दिसतं. बोटाने फिरवा, मोठं करा, रंग बदला, पृष्ठभाग घालवून रिबन आणा. त्याऐवजी तासन् तास मशीन चालवून प्लास्टिकचा गोळा काढायचा, जो एकच रूप दाखवतो. शिवाय ते रूपही खोटं. ‘पृष्ठभाग’ नावाची वस्तू रेणूला नसतेच. पाण्याच्या रेणूएवढा, १.४ अँगस्ट्रॉम त्रिज्येचा गोळा अणूंवरून फिरवायचा आणि तो जिथपर्यंत पोचतो ती सीमा म्हणायची, ही संगणकाची व्याख्या आहे. आणि खरं प्रोटीन सतत हलतं. तुमचा गोळा दगड आहे. मुलं हेच चित्र डोक्यात धरून बसतील.

मिरज_जंक्शन

कराडकर, मुद्दे बरोबर, निष्कर्ष चूक. (पॅथॉलॉजीत हयात गेली माझी, त्यामुळे हिमोग्लोबिनची बाजू घेणारच.)

हिमोग्लोबिनचा आकार माणसाने पहिल्यांदा पाहिला तो मॉडेलमध्येच. मॅक्स पेरुट्झ यांनी १९५९-६० च्या सुमारास ५.५ अँगस्ट्रॉमचा इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशा मिळवला. पाहायला पडदा कुठे होता? त्यांनी नकाशाच्या एकेका पातळीचा आकार प्लास्टिकच्या पत्र्यातून कापला आणि थरावर थर रचला. अल्फा पांढरी, बीटा काळी, हीमच्या (ऑक्सिजन धरणाऱ्या लोहयुक्त भागाच्या) जागी लाल चकत्या. आज मॅडमचा प्रिंटर जे करतो तेच हाताने केलं. त्यांचे सहकारी जॉन केंड्र्यू यांनी मायोग्लोबिनचं पहिलं मॉडेल प्लॅस्टिसिनच्या वळकट्यांचं केलं, आणि नंतरचं २ अँगस्ट्रॉमचं तर अडीच हजार उभ्या सळ्या रोवून, सळ्यांवर रंगीत क्लिपा लावून. स्केल एका अँगस्ट्रॉमला पाच सेंटिमीटर, म्हणजे पन्नास कोटी पट. सळ्यांच्या गर्दीत आतलं नीट दिसायचं नाही हा भाग वेगळा. दोघांना १९६२ चं रसायनशास्त्राचं नोबेल.

आपल्याकडचं उदाहरणही आहे. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ करता यांनी १९५४-५५ मध्ये कोलॅजेनचं तिपेडी हेलिक्स मांडलं, तेही गोळ्या-काड्यांची मॉडेलं हाताळत.

तेव्हा मॉडेल खोटं असतं यात नवल नाही. केंड्र्यूचंही होतं. प्रश्न एवढाच, की त्याने कुठली गोष्ट टाकून दिली आणि ती तुम्हाला आज लागणार आहे का.

पेट्री_डिश (एमएस्सी, सध्या कराड)

मिरज काका +१. यावरून एक किस्सा, आमच्या सरांनी सांगितलेला आणि मी नंतर वाचून खात्री केलेला. सत्तरच्या दशकात तार वाकवून प्रोटीनचा कणा तयार करायचं एक छोटं यंत्र होतं, बायरन रुबिन यांचं. तळहातावर मावतील अशी मॉडेलं व्हायची. लोक ती खिशात घालून परिषदांना न्यायचे. एका बैठकीत अँटिबॉडीच्या तुकड्याचं आणि सुपरऑक्साइड डिसम्युटेज या एन्झाइमचं अशी दोन तारांची मॉडेलं शेजारी आली आणि लक्षात आलं की घडी जवळजवळ सारखीच आहे. दोन्ही प्रोटीनांच्या कामाचा एकमेकांशी संबंध नाही! त्यावर १९७६ मध्ये शोधनिबंध निघाला. त्या वेळी संगणकाचे पडदे असे घरोघर नव्हते हे मान्य, पण दोन वस्तू दोन हातांत धरून तुलना करणं मोबाईलवर अजूनही अवघडच जातं.

मॅडमसाठी: माझं मत, सिकलसाठी पृष्ठभागच. रिबन म्हणजे जेन रिचर्डसन यांनी १९८१ मध्ये हाताने काढलेल्या चित्रांची परंपरा. ती घडी सांगते, कोण कुठे बसतं ते नाही सांगत.

खडूस_कराडकर

तारेचा किस्सा आवडला. पण मग तारच वाकवा ना, प्रिंटर कशाला?

पेट्री_डिश

खळगी तारेत कशी दाखवणार, सांगा बघू :)

बेदाणाकिंग_तासगाव

मॅडम, मी द्राक्षबागायतदार, बारावी सायन्सला दोनदा बसलोय म्हणून वाचतोय. लई भारी चाललंय. खळगीत व्हॅलिन बसतंय म्हंजे चावी-कुलूपच की ओ. फळ्यावर असं कुणी सांगितलं असतं तर तवाच सुटलो असतो.

इचारायचं असं, की बेदाणा काळा पडतो ते पण एका एन्झाइममुळंच म्हणतात. त्याचंबी असं मॉडेल निघतंय का?

विश्रामबागवाली

निघतं दादा, त्याच्यावर सावकाश येते. आधी सगळ्यांना उत्तरं.

एमआयडीसी सर, मागून कापायची कल्पना पटली. माझ्या प्रश्नाला फक्त जोडाची बाजू लागते, मागची बाजू नसली तरी कुणाचं अडत नाही.

कराडकर, हलण्याचा मुद्दा मात्र मी वर्गात बोलणार आहे. ऑक्सिजन सुटला की हिमोग्लोबिनचा एक अल्फा-बीटा जोड दुसऱ्याच्या मानाने साधारण १५ अंशांनी फिरतो. ती खळगी आणि तो उंचवटा जुळणं डीऑक्सी, म्हणजे ऑक्सिजन सोडलेल्या, रूपातच होतं, म्हणून तर रुग्णाला दम लागला, पाणी कमी पडलं, ऑक्सिजन घटला की त्रास उसळतो. दगडात हे दिसत नाही. त्यासाठी दोन रूपं वेगळी छापून शेजारी ठेवता येतील असं वाटतंय.

मिरज_जंक्शन

येतील. डीऑक्सीसाठी ४एचएचबी घ्या. ऑक्सीसाठी १एचएचओ घेतलंत तर एक खबरदारी: त्या फाईलमध्ये नुसता अर्धा रेणू आहे, एक अल्फा, एक बीटा. स्फटिकाच्या सममितीमुळे तेवढाच नोंदवायला लागतो. पूर्ण चार साखळ्या हव्या असतील तर ‘बायोलॉजिकल असेम्ब्ली’ उतरवायची. हे न पाहता छापलं की मुलं विचारणार, बाकीचे दोघं कुठे गेले?

दोन्ही रूपांत मधली पोकळीही बघा. डीऑक्सीमध्ये बीटा साखळ्यांच्या मधे ती रुंद असते आणि तिथे बीपीजी नावाचा छोटा रेणू बसतो. ऑक्सीमध्ये ती आकसते, बीपीजीला बाहेर पडावं लागतं. दोन कोटी पट स्केलला हा फरक तारेचा तुकडा घालून दाखवता येईल. हे मी तरी पडद्यावर कुणाला नीट पटवून देऊ शकलो नाही.

एमआयडीसी_सातारा

रंगाचं राहिलं. एकरंगी प्रिंटरवर साखळी-साखळी वेगळी छापून जोडा. अल्फा एका स्पूलवर, बीटा दुसऱ्या. फेविक्विक पीएलएला उत्तम धरतं. पण पेट्री_डिश ताई सांगतील, चार तुकडे एकमेकांत बसतील का? खाचा-खोचा फार दिसतायत.

पेट्री_डिश

बारीक पृष्ठभाग घेतला तर नाही बसत, कारण खाचा एकमेकींत अडकतात. दोन उपाय. एक, कायमेराएक्समध्ये कमी रिझोल्यूशनचा, गुळगुळीत पृष्ठभाग काढायचा. मग आकार ढोबळ राहतो आणि त्रिकोणही कमी होतात, नाहीतर स्लायसर गुदमरतो. दुसरा, फक्त जोडाच्या जागी बारीक ठेवायचं आणि बाकी साखळ्या एकत्रच छापून रंगवायच्या. मॅडमच्या कामाला दुसरा बरा. अ‍ॅक्रिलिक रंग आणि बारीक ब्रश, झालं. व्हॅलिनला भडक लाल, ८५ आणि ८८ ला पिवळा, बाकी सगळं राखाडी. सगळंच रंगवलं की काहीच दिसत नाही.

अजून एक: पृष्ठभाग काढताना आतल्या पोकळ्यांचे सुटे बुडबुडेही फाईलमध्ये येतात. ‘सरफेस डस्ट’ ही कमांड दिली की ते लपतात. पाणी काढायचं मॅडमनी लिहिलंच आहे, ते विसरलं तर स्लायसर हवेत तरंगणाऱ्या शेकडो गोळ्यांना सपोर्ट उभारत बसतो.

वाईकर

मीही शिक्षक, जीवशास्त्रच. मला वेगळ्या कारणाने हा धागा कामाचा वाटला. आमच्या अकरावीच्या वर्गात एक मुलगी आहे, तिला दिसत नाही. ब्रेल पुस्तकात प्रोटीनच्या चार पातळ्या शब्दांत आहेत, पण ‘घडी’ म्हणजे काय ते शब्दांत पोचत नाही. तिच्यासाठी काय छापावं? पृष्ठभाग तिला बटाट्यासारखा लागेल अशी भीती आहे.

विश्रामबागवाली

वाईकर सर, हा प्रश्न मला आधी सुचायला हवा होता असं वाटलं वाचताना. तिच्यासाठी माझं उत्तर उलटं आहे: पृष्ठभाग नको. रिबनही नको, कारण रिबनच्या कडा आणि बाणांची टोकं ही डोळ्यांची भाषा आहे. साधा कणा घ्या. प्रत्येक अमिनो आम्लाचा मधला कार्बन, ३.८ अँगस्ट्रॉमवर पुढचा, असा एकच गोल दोरा. बोट एका टोकाला ठेवायचं आणि दुसऱ्या टोकापर्यंत न उचलता न्यायचं. सुरुवातीच्या टोकाला गोळी, शेवटच्या टोकाला चौकोनी ठोकळा, म्हणजे दिशा कळते.

हिमोग्लोबिन नको, आधी लहान प्रोटीन. क्रॅम्बिन ४६ अमिनो आम्लांचं आहे, १सीआरएन. त्यात हेलिक्सही आहे आणि बीटा पट्ट्याही (साखळीचे शेजारी-शेजारी लागलेले सरळ भाग; बीटा साखळीशी संबंध नाही). मग युबिक्विटिन, ७६ चं, १यूबीक्यू. स्केल मोठा घ्या, अँगस्ट्रॉमला तीन-चार मिलिमीटर, म्हणजे वळणांच्या मधे बोट शिरतं. हेलिक्सच्या एका वळणाची उंची ५.४ अँगस्ट्रॉम, ती दोन सेंटिमीटरच्या आसपास आली पाहिजे.

एमआयडीसी_सातारा

दोरा काढणार असाल तर व्यास निदान ३ मिलिमीटर, मुलांच्या हाताला ४. मूळ सेटिंगची जाडी ठेवलीत तर पहिल्याच दिवशी मोडेल. आणि लांब मोकळे लूप छपाईतच थरथरतात, नोझल धक्का देतं. मधे टेकू लागणार.

पेट्री_डिश

टेकूंसाठी कायमेराएक्समध्ये ‘स्ट्रट्स’ अशी सरळ कमांडच आहे, छपाईसाठीच दिलेली. जवळच्या दोन ठिकाणांमध्ये काड्या घालते. पण माझा आग्रह, आधी हायड्रोजन बंध छापा. हेलिक्समध्ये प्रत्येक अमिनो आम्लाचा त्यापुढच्या चौथ्याशी बंध असतो, बीटा पट्ट्यांमध्ये आडवे बंध असतात. ते काड्यांच्या रूपात छापले की निम्मी मजबुती खऱ्या रसायनशास्त्रातूनच मिळते. उरलेल्या ठिकाणी कृत्रिम टेकू, आणि त्यांचा पोत वेगळा ठेवा, चौकोनी काडी वगैरे. नाहीतर वाईकर सरांची विद्यार्थिनी विचारेल, हा बंध कुठला, आणि उत्तर ‘तो मॉडेल मोडू नये म्हणून’ असं असेल.

खडूस_कराडकर

हे मात्र मोबाईलवर होणार नाही. वाईकर सरांच्या मुद्द्यापुरती माझी हरकत मागे. डोळस मुलांसाठी अजून कायम आहे.

वाईकर

पेट्री_डिश, बंध गोल आणि टेकू चौकोनी हे फार चांगलं सुचवलंत. क्रॅम्बिनपासून सुरू करतो. आमच्याकडे प्रिंटर नाही, साताऱ्याला एमआयडीसी सरांकडे यावं लागेल असं दिसतंय.

एमआयडीसी_सातारा

या की सर. पोवई नाक्याला उतरा आणि फोन करा, न्यायला येतो. फिलामेंटचे (छपाईच्या प्लास्टिकच्या तारेचे) पैसे द्या, किलोला हजाराच्या आसपास पडतं, क्रॅम्बिनला त्यातलं किरकोळ लागेल. मशीनचे पैसे नको.

पेट्री_डिश

धागा चालूच आहे तर माझीही एक शंका. माझ्या प्रकल्पातल्या प्रोटीनची प्रयोगाने काढलेली रचना नाही, म्हणून अल्फाफोल्डची (संगणकाने वर्तवलेली) घेतली. मधला भाग नीट आहे, पण दोन्ही टोकांना लांबच लांब शेवया लोंबतायत. तशाच छापू का?

मिरज_जंक्शन

त्या शेवया ही रचना नाहीच, ‘इथलं मला सांगता येत नाही’ असं अल्फाफोल्डचं म्हणणं आहे. प्रत्येक अमिनो आम्लाला ते ० ते १०० असा विश्वासाचा आकडा देतं, पीएलडीडीटी. तो फाईलमध्ये बी-फॅक्टरच्या रकान्यात असतो. ५० च्या खालचे भाग सरळ कापा, ७० च्या वरचे ठेवा, मधल्यांचा विचार करून ठरवा. या कामाला २०२४ चं नोबेल मिळालंय, तरी शेवया त्या शेवयाच. कापल्याची चिठ्ठी मात्र मॉडेलच्या तळाला लावा, की किती अमिनो आम्लं गाळली. बघणाऱ्याला ते प्रोटीन तेवढंच वाटू नये.

अजिंक्यतारा

तांत्रिक चर्चेत एक व्यावहारिक भर. जूनच्या आत छापून घ्या. आमच्या साताऱ्यात पाऊस लागला की फिलामेंट ओल धरतं, नोझलमधून चटचट आवाज येतो आणि मॉडेलभर केस सुटतात. कण्यासारख्या बारीक कामात तर विचारूच नका. डाळ-तांदळाचा हवाबंद डबा, आत सिलिका जेल. ओललंच असेल तर ४५-५० अंशांवर काही तास सुकवा. सांगलीला पाऊस कमी, पण उन्हाळा कडक. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, तेव्हा मॉडेल बंद गाडीत उन्हात ठेवू नका.

आणि लाईट. रात्रभर चालणाऱ्या छपाईला इन्व्हर्टर हवाच.

ज्यांच्याकडे प्रिंटर नाही त्यांनी प्रोटीन डेटा बँकेच्या शिक्षण विभागातली कागदी मॉडेलं बघा. इन्शुलिन, जीएफपी (हिरवं चमकणारं प्रोटीन), डेंग्यूचा विषाणू. फुकट उतरवा, कात्री-डिंक आणा. झेडपीच्या शाळेतही होतं.

विश्रामबागवाली

अजिंक्यतारा, बरं झालं सांगितलंत, मे संपायच्या आत उरकते.

माझं ठरलं ते लिहिते. २एचबीएसमधले दोन रेणू, दोन कोटी पट, मागून सपाट, जोडाची बाजू वर. रंग फक्त तीन ठिकाणी. आणि तिसरा एक तुकडा काढणार आहे: उंचवट्याची जागा कापून बदलता येईल अशी, एका खुंटीवर व्हॅलिन, दुसऱ्या खुंटीवर ग्लुटामिक आम्ल. मुलं आधी ग्लुटामिक लावून बघतील, मग व्हॅलिन. अर्थात ग्लुटामिक न बसण्याचं खरं कारण विद्युतभार आहे, नुसती लांबी नाही. ते मी बोलून सांगेन. खुंटीत लहान चुंबक घालून ढकलाढकली दाखवावी असंही मनात आहे.

मिरज_जंक्शन

चुंबकाची कल्पना चांगली आहे आणि तिला आधारही आहे. अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेत आर्थर ओल्सन यांनी विषाणूच्या कवचाचे तुकडे छापून त्यांत चुंबक बसवले. बरणीत घालून हलवले की कवच आपोआप जुळतं. फक्त ‘विद्युतभार म्हणजे चुंबक’ असं मुलांच्या वहीत जाऊ देऊ नका.

खडूस_कराडकर

खुंटी बदलून बघण्याचा प्रकार डोळस मुलांसाठीही मोबाईलपेक्षा बरा. घ्या, आता खूश?

बेदाणाकिंग_तासगाव

मॅडम, माझं एन्झाइम राहिलं बघा.

विश्रामबागवाली

नाही राहिलं दादा. त्याचं नाव पॉलिफेनॉल ऑक्सिडेज. गंमत म्हणजे द्राक्षातल्याच या एन्झाइमची रचना काढलेली आहे, प्रोटीन डेटा बँकेत मिळते. त्याच्या कामाच्या जागी तांब्याचे दोन अणू शेजारी-शेजारी असतात, प्रत्येकाला तीन-तीन हिस्टिडिननी धरून ठेवलेलं. मण्याची साल फुटली, हवा लागली की फिनॉल तिथे येऊन बदलतात आणि पुढे तपकिरी रंग होतो. तुम्ही शेडमध्ये गंधकाची धुरी देता ती याच एन्झाइमला रोखते, म्हणून बेदाणा हिरवा-पिवळा राहतो.

याचं मॉडेल मी अर्धं कापून काढेन. कामाची जागा आतल्या बाजूला आहे, अख्खा गोळा छापून काही कळणार नाही.

बेदाणाकिंग_तासगाव

नाद खुळा! शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पोराला हेच ठेवायला सांगतो. शेजारी दोन वाट्या, एक धुरीचा बेदाणा, एक बिनधुरीचा. खर्च मी देतो, ती काळजी नको.

एमआयडीसी_सातारा

मॅडम, एसटीएल मला पाठवा, माझ्याकडे मोठा बेड आहे. तांब्याचे अणू छापू नका, आमच्याकडे तांब्याचे गोल डोक्याचे रिव्हेट पडलेत, तेच ठोकतो. दोघांमधलं अंतर किती ठेवू?

विश्रामबागवाली

साधारण चार अँगस्ट्रॉम. दोन कोटी पटीला आठ मिलिमीटर. रिव्हेटचं डोकं त्याहून लहान बघा.

एमआयडीसी_सातारा

सहाचं आहे, बसतंय. बेदाणाकिंग, खर्च नको, येताना दोन किलो घेऊन या. धुरीचाच आणा, काळा घरात कुणी खात नाही.